आभाळ सोडून

केवळाबाईने कापडी पिशवीतून लोकरीच्या दोऱ्याचा गुंडा काढला, काउंटरवर ठेवला आणि म्हणाली, "ह्ये घ्या भितीचं माप."

परभणीतलं ते दुकान भिंतीला चिकटवायच्या कागदांचं होतं. मालक बन्सीधर यांनी आजवर माप वहीच्या पानावर पाहिलं होतं, मोबाइलवर पाहिलं होतं, एका गिऱ्हाइकाने तर ते तळहातावर लिहून आणलं होतं. पण गुंडाळून आणलेलं माप ते पहिल्यांदाच पाहत होते. दोऱ्याला दोन गाठी होत्या. ह्या गाठीपासून त्या गाठीपर्यंत लांबी, आणि उंची म्हणाल तर दीड पुरुष, असं केवळाबाईने समजावून सांगितलं. तिच्याशेजारी तिचा मुलगा शिवशंकर हेल्मेट हातात धरून जमिनीकडे पाहत उभा होता. तो मानवतच्या कापसाच्या जिनिंगमध्ये वजनकाट्यावर कामाला होता. काट्यावरच्या माणसाच्या आईने असं माप आणावं, याची त्याला लाज वाटत होती. पण त्यांच्या गावी, वालूरला येऊन भिंत मोजायची तर दुकानाचा माणूस येण्याजाण्याचे वेगळे पैसे मागत होता, ते आईनेच नको म्हटलं होतं. टेप ज्या गवंड्याकडे होता तो गावाला गेलेला. मग तिने स्वतः कातलेल्या लोकरीचा दोरा भिंतीला लावला आणि गाठी मारल्या.

बन्सीधर हसले नाहीत. गिऱ्हाइकाला हसून धंदा होत नसतो. त्यांनी दोऱ्याचं एक टोक शिवशंकरला धरायला दिलं, दुसरं स्वतः धरून चांगला ताणला, त्याला टेप लावला आणि साडेदहा फूट असं लिहून घेतलं.

"आता डिझाइन बघा, मावशी," म्हणत त्यांनी जाडजूड कॅटलॉग तिच्यापुढे उघडला.

घर पाहावं बांधून म्हणतात ते खोटं नाही. घरकुलाचे पैसे आणि मेंढरं विकून आलेल्यातले दवाखान्यातून उरलेले पैसे, यांतून वालूरच्या कडेला दोन खोल्या आणि स्वयंपाकघर उभं राहिलं, आणि वर्षाच्या आतच पुढच्या खोलीच्या दारालगतच्या भिंतीला ओल आली. बाहेर त्याच भिंतीला टेकून पाण्याची टाकी होती. रंगाचे पोपडे सुटले, खालून पांढरी बुरशी चढली. आता येत्या रविवारी धाकट्या बबिताला बघायला परभणीचे पाहुणे येणार होते. मुलगा, हरिओम, कृषी विद्यापीठात नोकरीला होता. असं स्थळ पुन्हा येईल न येईल. तेव्हा टाकी बाजूला सरकवायची, भिंत खरवडून सुकू द्यायची आणि वर छानसा कागद लावून घ्यायचा, असं सून दीपिकाने सुचवलं. तिच्या माहेरी तसा लावला होता. मजुरीसकट चार हजार, त्यापुढे एक पैसा नाही, असं शिवशंकरने घरातून निघतानाच जाहीर करून टाकलं होतं.

त्याला भिंत झाकायची होती. केवळाबाईला त्या भिंतीकडून निराळंच काही हवं होतं, पण ते तिने अजून कोणाला सांगितलं नव्हतं.

तिचा नवरा दत्तराव घर झाल्यापासून त्या भिंतीसमोर खाटेवर पडून होता. लकव्याने उजवं अंग गेलं, बोलणं गेलं. उरला तो डावा हात आणि घशातून येणारा एक हुंकार. त्याआधीचं सगळं आयुष्य त्याने मेंढरांमागे काढलं होतं. पावसाळा सरला की बिऱ्हाड घोड्यावर टाकायचं आणि गोदावरीकडे निघायचं. शेतकऱ्यांच्या रानात खतासाठी कळप बसवायचा, त्याबद्दल मिळेल ते धान्य घ्यायचं. केवळाबाईची तिन्ही बाळंतपणं अशीच वाटेवर झाली, त्यातलं एक मूल वाटेवरच राहिलं. भिंत म्हणून तिने पन्नाशीपर्यंत काही पाहिलं असेल तर ती वाघर, म्हणजे कळपाभोवती लावायची जाळी. दिवेलागणीला दत्तराव त्या जाळीच्या तोंडाशी उभा राहायचा. एकेका मेंढराच्या पाठीवर हात ठेवून त्याला आत सोडायचा. आकडा कधी तोंडातून काढला नाही. मोजलं की दृष्ट लागते म्हणत. तो चेहऱ्यांवरून ओळखायचा. सगळी आली की स्वतःच्या हाताने जाळीचं तोंड बांधायचा आणि मगच भाकरीला बसायचा.

आणि विकायचा झाला तर नर मेंढाही तो असातसा देत नसे. व्यापारी कितीही घाई करो, आधी जनावराच्या पाठीवर हळदीचं बोट लावायचा, चिमूटभर लोकर कातरून आपल्या घोंगडीच्या शिवणीत खोचायचा, आणि "जा बाबा, सुखानं खा," म्हणून त्याचं तोंड वाटेकडे वळवून द्यायचा. हे घरच्या कर्त्या पुरुषाने करायचं असतं. बाईने फक्त हळदीची वाटी पुढे करायची.

गेल्या साली मार्गशीर्षात रानातच त्याला लकवा मारला. केवळाबाई त्याला घेऊन परभणीच्या दवाखान्यात बसली आणि इकडे कळपाला वाली राहिला नाही. शिवशंकरला नोकरी सोडता येत नव्हती. त्याने व्यापारी गाठला, पहाटे दोन गाड्या आल्या, आणि एका सकाळीत सगळा कळप गेला. त्याने दवाखान्यात येऊन बापाच्या कानाशी हे सांगितलं तेव्हा दत्तरावने नुसतं तोंड फिरवलं. त्यांना समजलं नसावं, असं केवळाबाईला वाटलं. तेव्हा ते धड शुद्धीवर कुठे असायचे?

नव्या घरात आल्यापासून मात्र रोज एक गोष्ट घडायची. दिवस मावळला की दत्तराव बेचैन व्हायचा. कोणी पुढचं दार लावायला गेलं की डावा पंजा वर करून अडवायचा. दार उघडं राहायचं, मच्छर यायचे, कुत्री डोकावायची, थंडीत वारा थेट खाटेवर यायचा, पण तो लावू देत नसे. जेवण पुढे तसंच राहायचं. त्याला डोळा लागल्यावर केवळाबाई चोरपावलाने उठून कडी लावायची. मेंढरं अजून आली नाहीत म्हणून ते दार लावू देत नाहीत, हे तिने ओळखलं होतं, आणि रोज संध्याकाळी तिचा जीव तुटायचा. त्यात शिवशंकर म्हणत होता, की रविवारी पाहुण्यांसमोर बरं दिसणार नाही, आबांची खाट मागच्या खोलीत नेऊ. तिथे बाहेरचं दार नव्हतं आणि खिडकी शेजाऱ्याच्या भिंतीवर उघडत होती. एकदा आत नेलेला माणूस पुन्हा बाहेर येत नाही, हे केवळाबाईला कोणी सांगायची गरज नव्हती.

तर ती कॅटलॉग पाहत होती. विटांची भिंत होती, संगमरवर होता, सोनेरी वेलबुट्टी होती. शिवशंकरने विटा पसंत केल्या. दोन रोल लागतील, मजुरी धरून तीन हजारांत काम होईल, असं बन्सीधर म्हणाले. केवळाबाईला विटा समजेनात. पैसे खर्चून गिलावा केला आणि आता पैसे खर्चून पुन्हा विटा दाखवायच्या, ह्यातली गंमत तिच्या ध्यानात येईना. तिने पानं उलटली. एका पानावर हिरवागार डोंगर होता आणि त्यावर पांढरीशुभ्र, गुबगुबीत मेंढरं चरत होती. ती तिथेच थांबली.

"ही कुठली हायत?"

बाहेरच्या देशातली असतील, बन्सीधर म्हणाले. पण मावशींना असं चित्र आवडत असेल तर कोणताही फोटो मोठा करून कागदावर छापून मिळतो, फुटाला साठ रुपये. लोक आपल्या लग्नाचे फोटोसुद्धा छापून घेतात.

केवळाबाई मुलाकडे वळली. "तुज्या मोबाइलात तो फोटो हाय न्हवं? इकायच्या आदल्या दिशीचा?"

होता. व्यापाऱ्याला पाठवण्यासाठी त्याने तळ्याच्या काठी सगळा कळप उभा करून काढला होता. नंतर काढून टाकावा म्हणून कितीदा अंगठा नेला होता, पण टाकला नव्हता. त्याने तो काढून दाखवला. काळी, तांबूस, कबरी मेंढरं दाटीवाटीने उभी होती, आणि वर अर्धा फोटो भरून कोरं आभाळ.

शिवशंकर हलक्या आवाजात म्हणाला, "माय, पाव्हणे काय म्हनतील? नौकरीवाल्या घरची मानसं. भितीवर मेंढरं लावून ठिवू का?"

"भितीवर न्हाई तं कुठं हायत आता?" केवळाबाई म्हणाली.

बन्सीधरनी हिशोब केला आणि आकडा सहा हजारांच्या वर गेला. शिवशंकरला सुटल्यासारखं वाटलं. चला, पैशानेच प्रश्न मिटवला. पण केवळाबाई मोबाइलमधल्या फोटोकडे पाहतच होती. मग तिने फोटोच्या मधोमध बोट आडवं ठेवलं आणि विचारलं, की एवढं वरचं आभाळ छापलं नाही तर?

"आभाळ सोडून?" बन्सीधर चकित झाले. "मग वरची भिंत मोकळी राहील, मावशी."

"ऱ्हाऊ द्या की. चुना मारू. आभाळाला कामून पैशे द्यायचे, भाऊ? आमी जलमभर त्याच्याखालीच निजलोत."

बन्सीधरनी पुन्हा आकडेमोड केली. पाच फूट उंचीचा कागद, वरच्या कडेला लाकडी पट्टी, मजुरी, सगळं मिळून चार हजारांत बसत होतं. ओल तशीही खालच्याच अंगाला होती. त्यांनी शिवशंकरकडे पाहिलं. शिवशंकरने मोबाइल पुढे केला.

शुक्रवारी कागद चिकटवणारा कारागीर वालूरला आला आणि काम निम्म्यावर आल्यावर कपाळाला हात लावून बसला. कागद भिंतीपेक्षा हातभर लांब होता. साडेदहा फूट सांगितलेली भिंत नऊच फूट भरत होती. लोकरीचा दोरा भिंतीला लावला तेव्हा सैल होता आणि दुकानात ताणला तेव्हा वाढला, हे उघड होतं. लोकर ओढली की वाढते हे केवळाबाईपेक्षा जास्त कोणाला माहीत असणार? पण मेंढीच्या अंगावरून उतरलेली गोष्ट दगा देईल असं तिच्या मनातच आलं नाही. हातभर कागदाचे पैसे फुकट गेले म्हणून शिवशंकर दिवसभर फुरंगटून होता. कारागिराने दाराच्या चौकटीशी जास्तीचा तुकडा कापून बाजूला टाकला, वर पट्टी ठोकली, आणि तो गेला.

दत्तराव हे सगळं खाटेवरून पाहत होता. चेहऱ्यावर काही उमटत नव्हतं. केवळाबाईने तोंडाला पदर लावून वाट पाहिली. दिवस कलला, उघड्या दारातून तिरकं ऊन आत आलं, आणि त्याचा डावा हात हळूहळू वर झाला. एक बोट पुढे करून तो भिंतीच्या डाव्या कडेपासून निघाला. एकेका तोंडावर बोट थांबायचं आणि पुढे सरकायचं. केवळाबाई त्याच्या उशाशी बसून बोटाबरोबर पाहू लागली. ही चांदी, कपाळावर टिकला असलेली. ही भुंडी, शिंगं नसलेली. हे मोठं कोकरू, ज्याला दीपिकाने बाटलीने दूध पाजलं होतं. वर्षभरात पहिल्यांदा त्या दोघांनी मिळून काही केलं असेल तर ते हे. बोट दाराच्या चौकटीशी आलं आणि थांबलं. पुन्हा मागे गेलं, पुन्हा चौकटीशी आलं. मग तो हुंकार सुरू झाला, आणि दीपिका दार लावायला आली तसा पंजा वर गेला.

एक कमी होतं. कोणतं, हे केवळाबाईला बघावंही लागलं नाही. कानतुटी. लहानपणी लांडग्याने तिचा कान तोडला होता, तेव्हापासून ती कळपाच्या मागे, सगळ्यांपासून चार पावलं दूर चालायची. फोटोतही ती तशीच कडेला उभी होती आणि कापलेल्या तुकड्याबरोबर गेली होती.

तो तुकडा स्वयंपाकघरात सापडला. दीपिकाने कागद वाया कशाला घालवायचा म्हणून फळीवर अंथरून त्यावर डबे मांडले होते. केवळाबाईने एकेक डबा उतरवला. कानतुटीच्या पाठीवर तेलाच्या डब्याचा गोल डाग पडला होता, तो तिने पदराने पुसला. शनिवारी सकाळी तिने पिठाची खळ शिजवली आणि दाराच्या पलीकडे, जिथे दाराची उघडलेली फळी भिंतीला टेकते तिथे, स्वतःच्या हाताने तो तुकडा लावला. दुसरीकडे जागाच नव्हती. दार उघडं असलं की कानतुटी फळीमागे झाकून जायची. लावलं तरच दिसायची. मनात तिला थोडं बरंच वाटलं. कानतुटीला बघायचं म्हणून का होईना, दार लावू देतील.

संध्याकाळी सगळे जमले. शिवशंकरही कामावरून आला होता. दत्तरावचं बोट डावीकडून निघालं, चौकटीशी पोचलं, तेव्हा केवळाबाईने हळूच दार लोटलं. फळी बाजूला झाली आणि मागून एकटी कानतुटी दिसू लागली. दत्तराव तिच्याकडे पाहत राहिला. त्याच्या चांगल्या डोळ्यातून पाणी येऊन उशीवर उतरलं. झालं, असं केवळाबाईला वाटलं. कळप घरी आला. ती कडीकडे वळली.

पण मागून हुंकार आला. तो डाव्या हाताचं बोट आणि अंगठा एकमेकांवर चोळत होता. बबिताने तंबाखूची पुडी आणली. त्याने ती उडवून दिली. दीपिका मीठ घेऊन आली. त्याने मान हलवली, भिंतीकडे हात केला आणि पुन्हा बोटं चोळली, चिमटीने काही उचलून कुठे तरी लावावं तशी.

केवळाबाईने देवळीतून हळदीचा करंडा घेतला, वाटीत हळद ओतली, पाण्याने कालवली, आणि दर वेळी धरायची तशी ती वाटी दोन्ही हातांनी त्याच्यापुढे धरली. दत्तरावने अंगठा हळदीत बुडवला.

इतके दिवस तिने उलटंच समजून घेतलं होतं. मेंढरं यायची आहेत म्हणून ते दार उघडं ठेवत नव्हते. ती गेली हे त्यांना त्या दवाखान्यातल्या दिवसापासून ठाऊक होतं. ती तशीच गेली, हळदीवाचून, पाठीवर हात न फिरवता, कोणी सुखानं खा न म्हणता गेली, ते त्यांना गिळवत नव्हतं, आणि तो निरोप राहिला म्हणून दार लावू देत नव्हते. आणि वाटी पुढे करायचं जिचं काम, तिला वर्षभरात हळदीची आठवण झाली नव्हती.

"माय," शिवशंकर म्हणाला, "उंद्या पाव्हणे यायलेत. कागद नवा हाय. हळदीचा डाग लवकर निगत न्हाई."

"तव्हा कुनीच लावली न्हाई रं, शिवा. मी तिकडं दवाखान्यात, तू गाड्यांच्या घाईत. त्यांची लेकरं पळवून न्हेल्यावानी गेली. लावू दे त्यांना."

त्या पहाटे एकेक मेंढरू गाडीत चढवताना शिवशंकरच्याही हातांना काहीतरी चुकल्यासारखं वाटलं होतं, पण गाडीवाला हॉर्न देत होता. तो पुढे झाला. त्याने आणि बबिताने खाट भिंतीशी ओढली. मग त्याने बापाच्या काखेत हात घालून त्याला उभं केलं आणि स्वतःच्या छातीशी टेकवून धरलं. बाप इतका हलका झाला असेल अशी त्याची कल्पना नव्हती.

दत्तरावने चांदीच्या पाठीवर अंगठा टेकवला. मग भुंडीच्या. मग कोकराच्या. प्रत्येकापाशी त्याचे ओठ हलत होते. काय म्हणत होता ते सगळ्यांना माहीत होतं. हात पोचेना तिथे तो बोट दाखवी आणि केवळाबाई हळद लावी. पुरुषाचं काम होतं, पण आता तो विचार कोणी केला नाही. नव्या कोऱ्या कागदावर पिवळे ठिपके उमटत गेले. बऱ्याच वेळाने ते कानतुटीपाशी आले. तिच्या तेलकट पाठीवर हळद नीट धरेना, तेव्हा त्याने अंगठा दोनदा लावला.

मग त्याने दाराकडे हात केला. उघडा, म्हणून.

बबिताने दार सताड उघडलं. दत्तरावने तिला हाताने बाजूला व्हायला सांगितलं, तशी घरातली सगळी माणसं उंबऱ्यासमोरून सरकली. बाहेर वालूरचा रस्ता होता, कोणाची तरी मोटारसायकल गेली, धूळ खाली बसली. दत्तरावच्या अर्ध्या तोंडातून वेडावाकडा आवाज निघाला. "हेऽर्र." कळप उठवायचा तो आवाज बबिताने लहानपणापासून रोज पहाटे अंथरुणात ऐकला होता. ती भिंतीकडे तोंड करून रडली. तो रस्त्याकडे बराच वेळ पाहत राहिला, आणि मग त्याने हात खाली घेतला.

केवळाबाईने दार लावलं. त्या रात्री त्याने अर्धी भाकरी दुधात कुस्करून खाल्ली.

रविवारी सकाळी शिवशंकर ओलं फडकं घेऊन भिंतीपुढे उभा राहिला. कागद पुसता येतो असं बन्सीधर म्हणाले होते. आताच घासलं तर बहुतेक डाग निघालेही असते. मग त्याने पाहुण्यांसाठी आणलेल्या खुर्च्या त्या फडक्याने पुसून घेतल्या. आबांची खाट कुठे ठेवायची हे त्याने विचारलं नाही. ती होती तिथेच राहिली.

पाहुणे आले. हरिओम, त्याची आई आणि वडील माणिकराव. चहा झाला, पोहे झाले, बबिताला शिक्षण विचारून झालं. हरिओमच्या आईची नजर दोन-चारदा भिंतीकडे गेली, पण काही विचारावं की नाही ते तिला ठरवता येईना. शिवशंकर दर वेळी घाईने दुसरा विषय काढत होता. माणिकराव खाटेशेजारच्या खुर्चीवर बसले होते. टोपी, धुवट पांढरे कपडे, बोलणं कमी. ते मध्येच उठले, भिंतीपाशी गेले, आणि हात मागे बांधून एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत हळूहळू चालले. दाराशी वाकून फळीमागच्या कानतुटीलाही पाहिलं.

परत येऊन त्यांनी दत्तरावचा डावा हात आपल्या हातात घेतला. मग केवळाबाईला विचारलं, "लोकर ठिवली का, वैनी?"

हा माणूस एका पिढीपूर्वी त्याच रानांतून चालला होता, हे केवळाबाईला त्या एका प्रश्नावरून कळलं. पण उत्तर तिच्याजवळ नव्हतं. ज्यांची लोकर कातरायची ती मेंढरं कुठल्या मुलखात गेली कोणाला ठाऊक. तिने नकारार्थी मान हलवली. जाताना माणिकराव घरी विचार करून कळवतो म्हणाले, जसं सगळेच म्हणतात. त्यातून काय समजायचं ते शिवशंकरला समजेना, आणि तो त्यांना फाट्यापर्यंत सोडायला गेला.

दिवेलागणीला केवळाबाईने कोपऱ्यातली कापडी पिशवी उचलली. तळाशी मापाचा दोरा होता, दोन गाठींचा. गेल्या वर्षी, कळप असताना, शेवटची कातरणी झाली तेव्हा सगळ्यांची लोकर एकत्र करून तिने तो कातला होता. कोणाचा कोणता धागा ते आता सांगता येत नव्हतं, पण चांदी, भुंडी, कानतुटी, सगळी त्यात होती. तिने दत्तरावची घोंगडी मांडीवर घेतली, दाभणात दोरा ओवला आणि कडेच्या शिवणीतून एका टोकापासून दुसऱ्यापर्यंत टाके घातले. गाठी तशाच ठेवल्या. दत्तराव पाहत होता. संपल्यावर त्याने शिवणीवरून अंगठा फिरवला. अंगठ्याला अजून हळद होती.

केवळाबाईने घोंगडी त्याच्या अंगावर घातली आणि उठून दाराकडे गेली. सवयीने तिने मागे वळून पाहिलं. हात वर आला नव्हता. दत्तराव दाराकडे पाहतही नव्हता. तिने फळी लोटली, मागची कानतुटी समोर आली, आणि तिने कडी घातली.